शेजारच्या अनधिकृत बांधकामाची तक्रार: आधी काय, मग काय

सोसायटीचा सचिव झाल्यापासून लोक माझ्याकडे अर्जांची चळत घेऊन येतात. ‘सहा अर्ज दिले, काही झालं नाही.’ अर्ज वाचला की कारण बहुधा पहिल्याच पानावर सापडतं. राग भरपूर असतो, पण बांधकाम नेमकं कुठं आहे, काय आहे आणि कधी सुरू झालं, याचा पत्ता नसतो. पालिकेतला कनिष्ठ अभियंता तुमचा अर्ज हातात घेऊन स्थळपाहणीला जातो आणि परत येऊन त्याला टिपणी लिहायची असते. त्या टिपणीला लागणारा मजकूर अर्जात असला तर फाइल पुढच्या टेबलावर जाते. नसला तर दप्तरी दाखल, म्हणजे तिथंच बंद.

माझा स्वतःचा पहिला अर्ज तीन पानी होता. गच्चीवरची खोली, पार्किंगमधलं गोदाम, पाण्याची मोटर, रात्रीचा दंगा, सगळं एकात. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘तक्रारीतील बांधकामाचे ठिकाण स्पष्ट होत नाही.’ चूक माझीच होती.

खालचा क्रम महाराष्ट्रापुरता आहे. मुख्य कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, म्हणजे बोलण्यातला ‘एमआरटीपी’. त्याच्या जोडीला मुंबईत 1888 चा मुंबई महानगरपालिका अधिनियम आणि इतर महानगरपालिकांत 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम चालतो.

टप्पा 1: काम चालू आहे की संपलंय?

पुढचा सगळा क्रम या एका उत्तरावर ठरतो.

काम चालू असेल तर आधी तक्रार, कागद नंतर. शटरिंग, म्हणजे स्लॅबचा साचा, लागलेलं दिसलं त्याच दिवशी अर्ज द्या. एमआरटीपीच्या कलम 54 खाली चालू काम थांबवण्याची नोटीस देता येते. मुंबईत त्याचसाठी 1888 च्या कायद्याचं कलम 354 अ वापरतात. स्लॅब पडायच्या आत थांबलेलं काम आणि माणसं राहायला आलेली खोली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘आधी माहिती अधिकारातून नकाशा मिळवू, मग पक्की तक्रार करू’ असं म्हणत थांबलात, तर तीस दिवसांत वर पत्रे चढून आत पंखा फिरायला लागलेला असतो.

काम पूर्ण झालं असेल तर उलट करा. घाई कामाची नाही. आधी मंजूर नकाशा, मग अर्ज.

तिसरी शक्यता म्हणजे तक्रार करण्यासारखं काही नसणं. रंगकाम, प्लास्टर, फरशी बदलणं अशा किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. आवाज, धूळ, राडारोडा हे वेगळे विषय, त्यांचे विभागही वेगळे. ‘त्यानं माझ्या हद्दीत दोन फूट भिंत घातली’ हा हद्दीचा वाद आहे. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणि गरज पडली तर दिवाणी न्यायालय. पालिका तुमची हद्द ठरवून देत नाही. सोसायटीतल्या पार्किंगच्या वाटपावरून भांडण असेल तर ते सहकार खात्याकडे. त्याच पार्किंगला भिंत घालून दुकान काढलं असेल, तर मात्र पालिकेकडे.

*तपासा:* तुमच्या स्वतःच्या घरात काय आहे? खिडकीबाहेर काढलेली ग्रिल, बंद केलेली बाल्कनी, पोटमाळा? समोरचा पहिलं काम हेच करतो, तुमच्यावर उलट तक्रार टाकतो. आधी घरचं बघून घ्या.

टप्पा 2: अर्ज कुणाच्या दारात

इथं चुकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पालिकेच्या हद्दीत असलेली प्रत्येक जागा पालिकेच्या अखत्यारीत असतेच असं नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या इमारतीला परवानगी झोपुप्रा (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) देतं, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी, म्हाडाच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) म्हाडा, सिडकोच्या काही क्षेत्रांत सिडको. पुण्याभोवतीच्या अनेक गावांत पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज कधी योग्य जागी पाठवला जातो, कधी तिथंच पडून राहतो. प्राधिकरण कोणतं, याची सोपी खूण म्हणजे त्याच इमारतीचं जुनं बांधकाम परवानगीपत्र किंवा भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी). त्याच्या वरच्या शीर्षावर जे नाव आहे, सुरुवात तिथून करा.

महानगरपालिकेत अर्ज आयुक्तांच्या नावे न पाठवता प्रभागाच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाठवा. कारवाईची सही त्याची असते. बहुतेक ठिकाणी प्रभागाचा सहायक आयुक्तच ते पद सांभाळतो. मुंबईत वॉर्ड कार्यालयातल्या इमारत व कारखाने विभागात जा. नगरपरिषद आणि नगरपंचायतीत मुख्याधिकारी. गावठाणात ग्रामपंचायत, गावठाणाबाहेर शेतजमिनीवर बांधकाम असेल तर तहसीलदार आणि जिल्हाधिकारी; मात्र ते गाव एखाद्या विकास प्राधिकरणात गेलंय का हे आधी विचारा.

*सावधान:* एकच पत्र आयुक्त, महापौर, आमदार, पोलीस, मुख्यमंत्री अशा दहा जणांना ‘प्रति’ म्हणून पाठवू नका. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. एकाला ‘प्रति’, फार तर त्याच्या वरिष्ठाला ‘प्रत माहितीसाठी’.

पोलीस ठाण्यात जाऊन ‘गुन्हा दाखल करा’ म्हणणाऱ्यांनाही परत पाठवलं जातं, आणि त्यात पोलिसांचं फारसं चुकत नाही. एमआरटीपीच्या कलम 52 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि 2,000 ते 5,000 रुपये दंड आहे खरा, पण त्यासाठी फिर्याद देणं हे नियोजन प्राधिकरणाचं काम आहे. पाच हजारांच्या दंडाला कुठला बिल्डर घाबरतो, ही वेगळी गोष्ट.

टप्पा 3: पुरावा, पण तुमच्या खिडकीतून

फोटो चार-पाच पुरेत, पण ते ठरवून काढलेले हवेत. एक लांबून, ज्यात इमारतीचं नाव किंवा रस्त्यावरची ठळक खूण येते. एक मधल्या अंतरावरून, ज्यात कोणता मजला ते कळतं. एक कामाचा जवळून. तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटवणारं अ‍ॅप वापरा. चालू कामाचा फोटो दर तीन-चार दिवसांनी त्याच जागेवरून घ्या. ‘काम जुनंच आहे, फक्त दुरुस्ती करतोय’ हा बचाव हमखास येतो आणि एकाच कोनातल्या तीन फोटोंपुढे तो टिकत नाही.

माप अंदाजानं चालतं. विटांचे थर, दारांची संख्या, शेजारच्या खिडकीची रुंदी यांवरून ‘अंदाजे 20 फूट बाय 12 फूट’ लिहा. अंदाजे हा शब्द मात्र विसरू नका.

*सावधान:* फोटोसाठी दुसऱ्याच्या जिन्यात, गच्चीत, आवारात घुसू नका. तुमची खिडकी, तुमची गच्ची किंवा सार्वजनिक रस्ता, एवढीच तुमची जागा.

पत्ता पोस्टमन शोधतो तसा नको, नगररचनेचा हवा. शहरात सिटी सर्व्हे नंबर, गावाकडे सर्व्हे किंवा गट नंबर. तुमच्या इमारतीच्या मालमत्ता पत्रकावर स्वतःचा नंबर मिळेल; शेजारचा नंबर भूमी अभिलेखच्या ऑनलाइन नकाशावर बघा. नंबर अजिबात मिळत नसेल तर हातानं नकाशा काढा: रस्ता, दोन ओळखीच्या इमारती, मध्ये बाण. असा नकाशा जोडलेले अर्ज बाकीच्यांपेक्षा पटकन मार्गी लागलेले मी पाहिलेत. पाहणीला येणारा माणूस बहुतेक वेळा त्या गल्लीत नवा असतो.

टप्पा 4: मंजूर नकाशा

परवानगीच नाही, की परवानगी आहे पण काम त्याबाहेर गेलंय? हे नकाशाशिवाय कळत नाही, आणि कलमं यावरूनच बदलतात.

नकाशा मिळवायचे मार्ग सोप्यापासून अवघडाकडे असे: स्वतःच्या सदनिकेच्या करारनाम्यामागची जोडपत्रं चाळा, बऱ्याचदा प्रत तिथंच असते. सोसायटीच्या दप्तरात मागा. प्रकल्प 2017 नंतर महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर संकेतस्थळावर बघा. चालू कामाच्या जागेवरच मंजूर नकाशा लावलेला असायला हवा. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट सांगितलंय. फलक नसेल तर त्याचा फोटो काढा, म्हणजे नसलेल्या फलकाचा, रिकाम्या गेटचा. तोही पुरावा.

यातलं काहीच जमलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘परवानगी का दिली?’, ‘कारवाई का केली नाही?’ असले प्रश्न विचारू नका. ‘का’चं उत्तर देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नसतं, कागद देण्याचं असतं. म्हणून कागद मागा:

‘सिटी सर्व्हे नंबर अमुक, मौजे अमुक या भूखंडावरील इमारतीचे (1) प्रारंभ प्रमाणपत्र, (2) अखेरचा मंजूर नकाशा, (3) भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती द्याव्यात. तसेच सदर बांधकाम प्रस्तावाच्या नस्तीचे अवलोकन करू द्यावे.’

ते शेवटचं वाक्य सोडू नका. नस्ती म्हणजे त्या प्रस्तावाची फाइल. ती बघताना पहिला तास फुकट असतो आणि जुन्या नोटिसा, जुन्या तक्रारी, कुणाची तरी समज दिल्याची पत्रं असं बरंच काही हाती लागतं. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नकार आला तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.

*तपासा:* नकाशा मिळाल्यावर त्याचं साल आणि ‘सुधारित’ असा शब्द आहे का ते बघा. जुन्या नकाशावर मोकळी दिसणारी गच्ची सुधारित नकाशात मजला झालेली असू शकते. बाल्कनी शुल्क भरून रीतसर बंद केलेलीही असते. हे न बघता केलेली तक्रार निकाली निघते आणि पुढच्या वेळी तुमचा अर्ज कुणी गांभीर्यानं घेत नाही.

आणखी एक गैरसमज इथंच संपवू. मालमत्ता कराची पावती, वीजबिल किंवा नळजोड म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. 1949 च्या कायद्याच्या कलम 267 अ खाली अनधिकृत इमारतीला कराच्या दुप्पट शास्ती (दंड) लावायची तरतूद आहे, म्हणजे पालिका अनधिकृत इमारतीकडूनही कर घेते. पावती दाखवून कुणी तुमचं तोंड बंद करत असेल तर करू देऊ नका.

टप्पा 5: अर्ज, एका पानात

एक बांधकाम, एक अर्ज. दोन बांधकामं असतील तर दोन अर्ज. नमुना असा:

‘प्रति, पदनिर्देशित अधिकारी, अमुक प्रभाग समिती.
विषय: सि.स.नं. अमुक, अमुक इमारतीच्या गच्चीवर सुरू असलेल्या विनापरवाना आरसीसी बांधकामाबाबत.
महोदय, वरील ठिकाणी दि. अमुकपासून चौथ्या मजल्यावरील गच्चीत अंदाजे 20 फूट बाय 12 फूट मापाचे वीटबांधकाम झाले असून स्लॅबचे शटरिंग सुरू आहे. मंजूर नकाशात (परवानगी क्रमांक व दिनांक) या जागी मोकळी गच्ची दर्शविली आहे. जागेवर परवानगीचा फलक नाही. कृपया तातडीने स्थळपाहणी करावी, काम सुरू असल्याने एमआरटीपी अधिनियमाच्या कलम 54 अन्वये ते थांबवावे, परवानगी नसल्यास कलम 53 अन्वये कार्यवाही करावी व केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी.
सोबत: छायाचित्रे 4, स्थळदर्शक नकाशा 1.’

नकाशा अजून हाती नसेल तर ते वाक्य गाळा आणि ‘परवानगी असल्यास तपासावी’ असं लिहा. माहीत नसलेली गोष्ट ठामपणे लिहू नका. ‘अधिकाऱ्यांनी पैसे खाल्ले आहेत’ हे तर अजिबात नको. ज्याच्याकडून काम करून घ्यायचंय त्याच्यावरच पहिल्या कागदात आरोप केलात तर तो स्वतःला वाचवायच्या मागे लागतो. मुळात कारण काहीही असो, पैसा खाल्ला की आळस केला, तुमचा मार्ग तोच राहतो.

निनावी अर्ज टाळा. नावानिशी देण्याची भीती खरी आहे, नाव फुटतंही. ‘माझे नाव गोपनीय ठेवावे’ असं लिहा, पण त्याच्यावर विसंबू नका. सोसायटीच्या लेटरहेडवर, समितीच्या ठरावासह अर्ज दिलात तर एकट्यावर रोख येत नाही.

*सावधान:* तक्रारीनंतर समोरचा ‘मिटवून टाकू’ म्हणत आला तर बोलणं साक्षीदारांसमोर आणि पैशाचा विषय पूर्ण बंद. एक रुपया घेतलात किंवा मागितल्याचं नुसतं दिसलं तरी उद्या खंडणीची तक्रार तुमच्यावर होईल.

टप्पा 6: पोच

आवक-जावक विभागात अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही घ्या. नुसता शिक्का पुरत नाही. क्रमांकाशिवायचा अर्ज पुढे कुणी शोधून देत नाही. शिवाय पालिकेच्या ऑनलाइन तक्रार यंत्रणेवर किंवा राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर तीच तक्रार टाका आणि मजकुरात आवक क्रमांक लिहा. फक्त ऑनलाइन टाकून मोकळे झालात तर ‘तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग केली आहे’ असा संदेश येऊन ती बंद झालेली दिसते.

चालू काम असेल तर तीन दिवसांत, पूर्ण झालेलं असेल तर पंधरा दिवसांत स्वतः जा. बीट निरीक्षक किंवा कनिष्ठ अभियंता कोण आहे ते विचारा आणि स्थळपाहणी झाली का एवढंच विचारा. आवाज चढवायची गरज नाही. गेल्याची तारीख, कोण भेटलं आणि काय म्हणालं हे वहीत लिहून ठेवा.

टप्पा 7: नोटीस निघाली, मग शांतता का?

लोक इथंच सर्वाधिक वैतागतात, आणि निम्मा वैताग मुदती माहीत नसल्यामुळे असतो.

13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाची चौकट घालून दिली. कारणे दाखवा नोटिशीनंतर किमान 15 दिवस (स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर ती). मग प्रत्यक्ष सुनावणी आणि कारणांसह लेखी आदेश. आदेशानंतर पुन्हा 15 दिवस, म्हणजे मालकाला स्वतः काढून घ्यायला किंवा दाद मागायला वेळ. पाडकामाचं चित्रीकरणही करायचं. अधिकाऱ्यानं हे डावललं तर भरपाईचा खर्च त्याच्या खिशातून, त्यामुळे कुणी घाई करत नाही. महिना-दीड महिना ‘काहीच दिसत नाही’ हे म्हणूनच साहजिक आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत, नदी किंवा पाणवठा इथलं अतिक्रमण आणि न्यायालयानंच पाडायला सांगितलेलं बांधकाम यांना हा निकाल लागू नाही. तुमचं प्रकरण त्यात बसत असेल तर अर्जात ते ठळक लिहा.

दुसरं कारण कमी जणांना माहीत असतं. एमआरटीपीच्या कलम 53 ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढून टाकण्याची नोटीस मिळालेला मालक मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी मागू शकतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थंड पडते. चटईक्षेत्र (भूखंडावर बांधता येणारं क्षेत्र) शिल्लक असेल, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) सुटत असेल, तर शुल्क भरून बांधकाम नियमितही होतं. ते कायदेशीर आहे, मनाला लावून घेऊ नका. पण असा अर्ज नुसता वेळकाढूपणासाठीही करतात आणि तो नगररचना विभागात महिनोन्महिने पडून राहतो. तेव्हा प्रभागात हेलपाटे घालू नका. नगररचना विभागाला स्वतंत्र पत्र द्या: ‘सदर अर्जावर निर्णय घेऊन कळवावे.’

‘2015 पूर्वीचं आहे, आता अधिकृत झालं’ असंही ऐकायला मिळेल. एमआरटीपीचं कलम 52 अ आणि त्याखालचे 2017 चे नियम 31 डिसेंबर 2015 पूर्वीच्या बांधकामांना संधी देतात, पण अर्ज करून, शुल्क भरून, आदेश घेऊन. तो आदेश मागा.

*तपासा:* या टप्प्यावर दुसरा माहिती अधिकार अर्ज टाका. नोटिशीची प्रत, मालकाचा खुलासा, सुनावणीचं इतिवृत्त, अंतिम आदेश, एवढेच चार कागद मागा.

टप्पा 8: तोडक कारवाई खरी की फोटोपुरती

पथक येतं, जेसीबी येतो, पोलीस बंदोबस्त असतो. स्लॅबला चार भोकं पाडतात, एक भिंत ढकलतात, फोटो काढतात. फाइलवर ‘कारवाई पूर्ण’. पंधरा दिवसांत भोकं बुजवून वर टाइल्स लागतात.

म्हणून कारवाईच्या दिवशी तुमच्या नेहमीच्या जागेवरून फोटो घ्या, आठवड्यानं घ्या, महिन्यानं घ्या. काम पुन्हा उभं राहिलं तर नवी तक्रार करताना जुना आवक क्रमांक आणि आदेशाचा क्रमांक टाका, ‘निष्कासित केलेले बांधकाम पुन्हा उभारले आहे’ हे शब्द विषयात घ्या. नव्यानं कोरी तक्रार केलीत तर सगळं चक्र पहिल्यापासून फिरतं. पावसाळ्यात माणसं राहत असलेलं घर सहसा पाडत नाहीत. तेव्हा जून ते सप्टेंबर कागद पक्के करण्यात घालवा.

टप्पा 9: काहीच हललं नाही तर

वर चढायचं ते पायरीपायरीनं: प्रभागाचे उपायुक्त, मग आयुक्त. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. अर्ज 15 दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, आणि न्यायालयात असलेलं प्रकरण तिथं घेत नाहीत. प्रशासन मुद्दाम हलत नसेल तर लोक आयुक्तांकडे तक्रार करता येते.

शेवटी उच्च न्यायालय. दिवाणी न्यायालयात ‘पाडून द्या’ असा दावा लावण्यात अडचण अशी की एमआरटीपीच्या कलम 149 नं त्याखालच्या आदेशांना अंतिम ठरवलंय. कर्तव्य बजावत नाही म्हणून पालिकेविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका (कर्तव्य बजावायला लावण्याची मागणी) हा प्रचलित मार्ग. ते मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर इथं बसतं; तुमचा जिल्हा ज्या ठिकाणाखाली येतो ते बघा. उलट मालकानंच स्थगिती आणली असेल तर गप्प बसू नका. त्या दाव्यात पालिका प्रतिवादी असते आणि तिचा वकील तारखेला हजर असेलच असं नाही. हस्तक्षेप अर्ज करून स्वतःला सामील करून घ्या.

वकिलाकडे जाताना पिशवीभर कागद नेऊ नका. एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमानं लावा: पहिला अर्ज पोचेसह, फोटो, मंजूर नकाशा, माहिती अधिकारातली उत्तरं, नोटीस, आदेश, कारवाईनंतरचे फोटो. वर एका पानावर तारीखवार यादी, आणि तुमच्या वहीतल्या भेटींच्या नोंदी मागे.